सुब्राय भटाचा हंडा आणि आमचं अर्थिंग

॥ श्री महागणपती प्रसन्न ॥

मुक्काम बाळेगद्दे, शिरसीजवळ,
कार्तिक शुद्ध अष्टमी

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी धाकटा मेहुणा विघ्नेश्वर हेगडे याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगांनी घातला आहे, उरलेली दोन मनाने टेकवली आहेत, ती गोड मानून घ्यावीत.) गोकर्णच्या खाऱ्या वाऱ्याने तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रासोबत पाठवलेलं तेल चोळता की अक्काने ते नेहमीप्रमाणे दारच्या बिजागऱ्यांना घातलं? अक्काचा खोकला बरा असेल. नसेल तर तिला म्हणावं, बोलणं थोडं कमी कर, म्हणजे खोकल्याला सवड मिळणार नाही. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नये.)

इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे चैत्राचा कॉम्प्युटर, त्याचा मोठा पडदा, नेटचं मोडेम आणि यूपीएस, या क्रमाने. त्यानंतर चार गाई, आणि मग मी आणि कुसुमा. घरातल्या कुशलाचा क्रम गेली तीन वर्षं असाच आहे आणि त्यात आमची काही तक्रार नाही. सुपारीची पहिली कापणी झाली, अंगणात वाळत घातली आहे. पण हे सगळं सांगायला मी दौत काढलेली नाही. भावोजी, मी जिंकलो! विजेवर जिंकलो, वीजवाल्यांवर जिंकलो, बंगळूरच्या कंपनीवर जिंकलो आणि या सगळ्यांच्या वर म्हणजे सुब्राय भटावर जिंकलो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर अक्का मधेच 'जेवण काय केलंत' विचारते आणि विजयाचा पार चोथा होतो. म्हणून सविस्तर लिहितो, सावकाश वाचा.

तुम्हाला माहीत आहे, चैत्रा बंगळूरच्या कंपनीत लागली आणि महामारीत घरी आली ती इथूनच काम करत राहिली. गावात आता सत्तावीस घरं आहेत आणि पन्नाशीच्या आतली माणसं मोजून चार. त्यातलं एक माणूस माझ्या घरात आहे, हे मी मंदिरात, दूधसंघात आणि हजामतीला बसलो असतानासुद्धा कुणी न विचारता सांगत असतो. सकाळी सातला तिच्या खोलीतून इंग्रजी बोलणं सुरू झालं की मला दोसा गोड लागतो. काय बोलते ते कळत नाही, पण मुलगी घरात आहे एवढं कळतं. बाकीच्या घरांतून सकाळी फक्त रेडिओ ऐकू येतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता या सुखात विजेने कसा बिब्बा घातला ते ऐका. आमच्याकडची वीज तुमच्या गोकर्णच्या विजेसारखी नाही, की असली तर आहे आणि नसली तर नाही. आमच्याकडे ती असून नसते आणि नसून अंगावर येते. संध्याकाळी बागांचे पंप सुरू झाले की दिवा असा मिणमिणतो की तो लागला आहे का हे बघायला दुसरा दिवा न्यावा लागतो, आणि सगळे पंप एकदम थांबले की तोच दिवा डोळे वटारून बघायला लागतो. मधेच एखादी फांदी तारेवर पडते, मग घरातल्या अर्ध्या बटणांत दुप्पट वीज आणि अर्ध्यांत काहीच नाही. या प्रकारात पहिल्यांदा चैत्राचा चार्जर गेला (गेल्या वर्षी ऐन गणेशचतुर्थीला, मोदक उकडत असताना), मग एक मोडेम गेलं, मग मोठा पडदा गेला. पडदा जाताना 'टक्' असा एवढासा आवाज झाला, जाणारं माणूससुद्धा त्याहून जास्त बोलतं.

म्हणून यूपीएस आणला. तो कशाने गेला हे मी विजेच्या खात्यावर घालणार नाही, कारण मी न्यायी माणूस आहे. श्रावणात आपल्याकडे हवा कशी गार आणि ओली असते, दोशाचं पीठ तीन दिवस झाले तरी फुगत नाही. कुसुमाला शोध लागला की यूपीएसची पेटी वरून छान कोमट असते. तिने पिठाचं पातेलं तिच्यावर ठेवून वर टॉवेल गुंडाळला. पीठ फुगलं, वर आलं, उतू गेलं आणि पेटीच्या वरच्या जाळीतून आत उतरलं. पेटी किंचाळायला लागली, तेव्हा कुसुमा म्हणाली, "बघा, पीठ झालं की सांगतेसुद्धा!" त्या दिवशीचे दोसे कापसासारखे झाले होते हे कबूल केलं पाहिजे. मी सात खाल्ले. यूपीएस मात्र वाचला नाही, आणि चैत्रा बंगळूरच्या मिटिंगमधून बोलता बोलता नाहीशी झाली. त्या महिन्यातली ती चौथी वेळ.

तिच्या वरच्या जागेवर रेवती मॅडम म्हणून बाई आहेत. वाईट नाहीत, पण त्यांनी बाळेगद्दे पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, जर्मनीच्या लोकांना काम दाखवायचं आहे, ते चैत्रानेच दाखवायचं. त्या दिवशी ती पडद्यावर टिकली तर खुशाल गावात राहा, आणि मधेच गायब झाली तर बंगळूरला येऊन खोली घे. चैत्राने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि पुसून ठेवली. 'काढून ठेवली इतकंच' असं ती म्हणाली. ती बॅग सोप्यावर होती तोवर भावोजी, माझं जेवणावरून मन उडालं होतं. कुसुमा बॅगेकडे पाठ करून बसायची. मी ठरवलं, पोरगी जाईल तर लग्न होऊन जाईल, नाहीतर तिच्या मर्जीने जाईल, पण फ्यूज उडाला म्हणून जाणार नाही.

शिरसीहून रोझारिओला बोलावलं. वायरिंगच्या कामात तालुक्यात त्याचा हात धरणारा नाही. त्याने टेस्टर लावला, मीटर लावलं, घरभर फिरला आणि शेवटी मागच्या भिंतीवरून उतरलेली हिरवी तार हातात धरून विचारलं, "हेगडेरे, ही अर्थिंगची तार जाते कुठे?" मी म्हटलं, नळाला बांधली आहे, माझ्या वडिलांच्या, अप्पय्यांच्या काळापासून. तो म्हणाला, "नळ प्लास्टिकचा आहे." म्हटलं, गेल्या वर्षी बदलला. तेव्हा त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. मग म्हणाला, "म्हणजे वर्षभर या घरातली जास्तीची वीज जमिनीत जायला निघते आणि रस्ता नाही म्हणून परत घरात येऊन बसते. तुम्ही पेट्या कितीही आणा हेगडेरे, पेट्या मरणारच."

उपाय त्याने सांगितला तो असा. ओलसर जागी पुरुषभर खोल खड्डा. तळाशी हातभर रुंद तांब्याचा पत्रा, त्याला जोडलेली तांब्याची पट्टी वर घरापर्यंत. पत्र्याभोवती एक थर लाकडी कोळशाचा, एक थर मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर नळकांडं उभं करायचं आणि त्यातून रोज पाणी ओतायचं, म्हणजे जमीन ओली राहते आणि वीज सुखाने खाली उतरते. ओलसर जागा म्हणजे बागेच्या खालच्या कोपऱ्यात, कुंपणाशी. कुंपणापलीकडे सुब्राय भट. आणि रोझारिओला मोकळा दिवस एकच होता, भाद्रपद अमावास्या. मी म्हटलं, अरे, सर्वपित्रीला कुठे खड्डा खणतोस? तो म्हणाला, "हेगडेरे, माझ्या पितरांचा दिवस नोव्हेंबरात येतो."

मग खणलं. आता आपल्या घरात कुदळ मारायची तर भूमीची क्षमा मागितल्याशिवाय कोण मारतं? कुसुमाने नारळ फोडला. तांबं जमिनीत जाणार म्हणून पत्र्याला हळद-कुंकू लावलं, वर जास्वंदीची फुलं वाहिली, कडेला दोन लिंबं कापून ठेवली. मी पृथ्वीसूक्तातलं जेवढं येतं तेवढं पुटपुटलो (येतं थोडंच, म्हणून तेच चार वेळा पुटपुटलो). रोझारिओने पत्रा खाली उतरवला, कोळसा टाकला, मीठ टाकलं. भर दुपारी, उघड्यावर, सगळं शास्त्रशुद्ध. दोन्ही शास्त्रांनी शुद्ध.

हे सगळं सुब्राय कुंपणाआडून बघत होता. आमचा अबोला नऊ वर्षांचा, तो कशावरून हे तुमच्यासमोरच घडलंय. देवळात ताळमद्दळे होती, मी कर्ण, तो शल्य. बसून वाद घालायचा खेळ, त्यात शल्याने कर्णाचा पाणउतारा करायचाच असतो, ते त्याचं कामच आहे. पण सूतपुत्र म्हणावं, रथ चालवणार नाही म्हणावं. हा काय म्हणाला? "अंगराज, ज्याची सुपारी बाजारात तिसऱ्या प्रतीला जाते त्याने अर्जुनाच्या गोष्टी करू नयेत!" साडेतीनशे माणसं हसली. भागवतसुद्धा गाणं सोडून हसला. महाभारतात सुपारी कुठे आहे हो? मी भर सभेतून उठलो तो आजतागायत त्याच्याशी बोललो नव्हतो.

तर त्या सुब्रायाने बघितलं काय? अमावास्या, त्याच्या हद्दीला लागून खड्डा, कुंकू लावलेलं तांबं, कोळसा, मीठ, कापलेली लिंबं आणि ओठ हलवणारा मी. दोन दिवसांनी त्याच्या गाईचं दूध आटलं. (ती गाय अकरा वर्षांची आहे.) मग तो स्वतः बागेत घसरला. (पावसानंतर आपल्याकडे रोज कोणी ना कोणी घसरतंच.) तो सोंदेच्या बाजूला कुणा करणी काढणाऱ्याकडे गेला, त्याने सांगितलं, तुझ्या सीमेवर यंत्र पुरलंय, काढ आणि वाहत्या पाण्यात सोड. नवरात्रात आम्ही तिघं यल्लापूरला पूजेला गेलो होतो, तेवढ्यात या गृहस्थाने माझं अर्थिंग उकरून काढलं आणि अघनाशिनी नदीत विसर्जन केलं.

आम्हाला काय पत्ता? खड्डा नीट बुजवलेला, नळकांडं उभं. मी रोज त्यात तांब्याभर पाणी ओतून वर 'उतर गं बाई सुखाने' म्हणत होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकच गडगडाट झाला आणि दुसरं मोडेम गेलं, नवा यूपीएस गेला, मीटरच्या पेटीतून धूर आला. चैत्राने कपाटातून चार कपडे काढून बॅगेत ठेवले. रोझारिओ आला, मीटर लावलं, डोकं खाजवलं, खड्डा उकरला. आत तांब्याचा पत्रा नाही. त्याच्या जागी एक कोहळा, दोन तुकडे केलेला, आत कुंकू. रोझारिओ माझ्याकडे बघून म्हणाला, "हेगडेरे, मी चोवीस वर्षं हे काम करतोय. ही पद्धत मला नवीन आहे."

मी तडक सुब्रायाच्या अंगणात गेलो. नऊ वर्षांनी. तो सुपारी उलथत होता. मान वर न करता म्हणाला, "या कर्णमहाराज. रथ कुठे ठेवलात?" मी म्हटलं, माझा पत्रा काढ. तो म्हणाला, "आणि माझ्या हद्दीला करणी पुरायची कुणी सांगितली होती तुला? तुझा बाप माझ्या बापाला कधी वाकडा शब्द बोलला नाही, आणि तू अमावास्येला माझ्यावर कोळसे पुरतोस?" मी म्हटलं, अरे शहाण्या, ते विजेसाठी आहे! त्यावर तो सरळ उभा राहिला. म्हणाला, "विजेला मीठ कशाला लागतं?"

भावोजी, आता तुम्ही सांगा, विजेला मीठ कशाला लागतं? मला रोझारिओने सांगितलं होतं तेव्हा पटलं होतं, पण त्या अंगणात उभं राहून एक अक्षर आठवेना. मी मिठाने जमीन ओली राहते म्हटलं, तो म्हणाला, मग लिंबाने काय होतं? मी म्हटलं, लिंबं कुसुमाने ठेवली. तो म्हणाला, "म्हणजे कुसुमावहिनीही सामील!" त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, चेहरा पांढरा पडलेला. तिला बघून मला कळलं की ही माणसं खरंच घाबरली आहेत, आणि वाद करून मला फक्त वाद मिळेल, तांबं मिळणार नाही. तेव्हा मला सुचलं. नऊ वर्षांपूर्वी त्या सभेत जे सुचलं नाही ते सगळं व्याजासकट सुचलं.

मी आवाज खाली आणला. म्हटलं, सुब्राया, लपवून काय करू, यंत्रच होतं ते. पण तुझ्यावर नव्हतं. ते दोन्ही बागांच्या रक्षणाचं होतं, आकाशातलं संकट जमिनीत उतरवायचं. (यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा.) आणि तू ते अर्धवट उपसलंस. आता आकाशातून निघालेलं संकट खाली जायला वाट शोधत हिंडणार. त्याच्या बायकोने भिंत धरली. मी एका मोठ्या जाणकाराचं नाव घेतलं (कुणाचं ते पुढे येईल) आणि त्यांनी सांगितलेली शांती म्हणून तिथल्या तिथे रचली: ज्याने तांबं काढलं त्याने आपल्या घरचं तांबं त्याच जागी द्यावं, आणि रोज सूर्योदयाला एक कळशी पाणी आणि एक मूठ जाडं मीठ स्वतःच्या हाताने घालावं. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. सुब्रायाने हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाला, "मीठ आयोडीनचं चालेल?"

दुसऱ्या दिवशी तो तांबं घेऊन आला. पत्रा नाही हो! त्याच्या न्हाणीघरातला आजोबांच्या वेळचा हंडा! पंचवीस कळशा पाणी मावणारा, तळाला एक छिद्र पडलं म्हणून बाजूला ठेवलेला, पण वजन असं की तो आणि मी दोघांनी मिळून ढकलत आणला. नऊ वर्षांत आम्ही केलेलं हे पहिलं सामायिक काम, आणि सबंध वाटेत एकमेकांशी फक्त 'धर' आणि 'सोड' एवढंच बोललो. रोझारिओने हंड्याला चार ठिकाणी पट्ट्या जोडल्या, खड्डा दुप्पट केला, हंडा पालथा पुरला, घरात मीटरशेजारी सर्ज प्रोटेक्टर नावाची डबी बसवली (जास्तीची वीज आली की ही डबी तिला हाताला धरून हंड्याकडे पाठवते), आणि मीटर लावून बघितलं. काटा शून्यावरून हलेना. (शून्य म्हणजे विजेची वाट पूर्ण मोकळी.) त्याला वाटलं, मीटर बिघडलं. दुसरं आणलं. शेवटी हात जोडून म्हणाला, "हेगडेरे, एवढं अर्थिंग सबस्टेशनलासुद्धा नसतं."

आणि तेव्हापासून रोज, भावोजी, रोज! सूर्य उगवायला सुब्राय अंगावर पंचा, खांद्यावर कळशी, मुठीत मीठ घेऊन येतो आणि माझ्या अर्थिंगला पाणी घालतो. मी कुंपणाच्या अलीकडे चहाचा पेला घेऊन उभा असतो, नजर ठेवायला. माझ्या कॉम्प्युटरच्या चाकरीला शल्य! ज्याने भर सभेत माझी सुपारी काढली तो माझ्यासाठी मीठ वाहतोय! याहून कर्णाला काय हवं होतं? हल्ली एखाददुसरा शब्दही होतो. परवा मी म्हटलं, आज उशीर झाला. तो म्हणाला, "सूर्यालाच विचार." काल पिकाच्या रोगाबद्दल दोन वाक्यं झाली. पण ते सोडा.

आता मुख्य दिवस. दिवाळीच्या आधीचा सोमवार, दुपारी अडीच वाजता जर्मनीवाले. दुपारी एकपासून आभाळ काळं झालं. दोन वाजता असा गडगडाट सुरू झाला की गाईंनी चारा टाकला. चैत्रा खोलीत शिरताना म्हणाली, "अप्पय्या, दीड तास कुणी दार उघडायचं नाही, हाक मारायची नाही, काहीही झालं तरी." मी म्हटलं, माझ्यावर सोड. दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. कुसुमा भांडं घेऊन जाताना दिसली, तिला हाताने थांबवलं. घड्याळाचा टोला नको म्हणून लंबक धरून ठेवला. पोस्टमन आला, त्याला खुणेने मागच्या मागे परत पाठवला. आत नुसती शांतता, आवाजाचा मागमूस नाही. (कानाला ते यंत्र लावून हळू बोलते ना ती.) बाहेर वीज अशी कोसळत होती की प्रत्येक वेळी वाटे, ही आपली. आणि मी तिथे बसून डोळ्यांपुढे बघत होतो: वीज तारेवर आली, डबीत शिरली, पट्टीवरून खाली उतरली आणि हंड्यात जाऊन बसली. दीड तास मी एका जागी बसून सगळ्या विजांना खाली उतरवलं.

चार वाजता दार उघडलं. चैत्रा बाहेर आली, घामाने केससुद्धा ओले झालेले, आणि म्हणाली, "झालं अप्पय्या. सगळं नीट झालं. मॅडम म्हणाल्या, इथूनच काम कर, कायमचं." मी उठलो. पाय बधिर झाले होते म्हणून लगेच बसलो. कुसुमाने बॅग उचलली आणि एकटीने माळ्यावर टाकली, ज्या बाईला दळणाचा डबा उचलवत नाही तिने. मी रडलो असं कुसुमा सांगेल. सांगू दे, रडलो.

आणि बाकी गावाची हानी ऐका, म्हणजे माझ्या विजयाची उंची कळेल. देवळाचा ध्वनिक्षेपक जळाला. तीन घरांतले टीव्ही गेले. शाळेचा पंप गेला. ओढ्याकाठचा ट्रान्सफॉर्मर फुटला तो आवाज तर पलीकडच्या गावात ऐकू गेला. माझ्याकडे? काही नाही! मोडेम तसंच, यूपीएस तसाच, पडदा तसाच. लोक खड्डा बघायला येतात. मी दाखवतो, समजावून सांगतो, आणि कुणी विचारलंच, विजेला मीठ कशाला लागतं, तर आता उत्तर तयार ठेवलं आहे. म्हणतो, सुब्राय भटाला विचारा, तोच रोज घालतो.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद आणि अक्काला वेगळा, खास नमस्कार (खोकल्याचं वाक्य तिने वाचलं असेल तर दोन). आपला आशीर्वाद असाच राहो.

आपला विजयी मेहुणा,
विघ्नेश्वर

ता. क. एक बारीकसं राहिलं. ज्या मोठ्या जाणकाराचं नाव मी सुब्रायासमोर घेतलं ते म्हणजे गोकर्णचे वेंकट्रमण भट, म्हणजे तुम्ही. वेळ कमी होता आणि होम-शांतीत तुमच्या नावाला इकडे जे वजन आहे ते दुसऱ्या कुणाच्याच नाही. राग मानू नये. अडचण एवढीच की सुब्राय कार्तिकी पौर्णिमेला गोकर्णला येतो आहे आणि तुम्हाला भेटून शांतीबद्दल विचारणार आहे. तेव्हा 'हो, मीच सांगितलं' एवढं म्हणायचं.

ता. क. दुसरा, आणि खरं तर यासाठीच पत्र. मंडल मार्गशीर्षात संपतं. मीच अठ्ठेचाळीस म्हणालो, घाईत. रोझारिओ म्हणतो, पाणी उन्हाळाभर लागेल. तर तुम्ही पंचांग वगैरे बघून, भुवया वर करून, आणखी दोन मंडलं सांगावीत. पाणी मलाही घालता येईल, कळशी माझ्याकडेही आहे, तो प्रश्न नाही. पण सकाळी तो यायचा बंद झाला तर चहा घेऊन उभं राहायला मला दुसरं कारण नाही.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. आतोबा, नमस्कार. मी चैत्रा. अप्पय्यांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं, पाकीट उघडं होतं, मी वाचलं. तुम्हाला खरं माहीत असलेलं बरं, म्हणजे पौर्णिमेला घोटाळा व्हायचा नाही.

त्या सोमवारी आपल्या घरी वीज नव्हतीच. ती एक वाजताच गेली होती, आणि यूपीएसवर जेमतेम पंधरा मिनिटं निघाली असती. मी सगळे प्लग उपटून ठेवले, लॅपटॉप पिशवीत घातला, डोक्यावर सुपारीच्या झावळीची हाळेटोपी घातली आणि खिडकीतून उडी मारून सुब्रायकाकांकडे पळाले. त्यांच्या माडीवर सोलरची बॅटरी आहे, नेट आहे. दीड तास मी तिथे बसले होते. काकूंनी धण्या-जिऱ्याचा गरम कषाय आणून ठेवला आणि काकांनी वासराच्या गळ्यातली घंटा हातात धरून ठेवली. अप्पय्या तेवढा वेळ रिकाम्या खोलीवर पहारा देत होते. अर्थिंग चांगलं आहे, रोझारिओ खोटं बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्याच्याकडे एकही वीज गेली नाही.

निघताना मी काकांना सांगितलं की ती करणी नाही, वाटलं तर समजावून सांगते. ते म्हणाले, "ते मला चौथ्याच दिवशी समजलं. माझा मुलगा हुबळीत विजेच्याच खात्यात आहे, त्याने फोनवर पोट धरून हसून सांगितलं." मी विचारलं, मग रोज मीठ का घालता? तर म्हणाले, "तुझा बाप सकाळी चहा घेऊन कुंपणाशी उभा असतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो माझी वाट बघतोय. मी कशाला सांगू?"

पौर्णिमेला ते तुमच्याकडे येतील ते हेच मागायला, की मंडल वाढवून द्या आणि हेगड्याला कळू देऊ नका. तेव्हा आतोबा, दोघांनाही वेगवेगळं बोलवा आणि तेच सांगा. दोन मंडलं नकोत, वर्षभराचं सांगा. मी इथेच आहे, मीठ मी आणून देईन.